रिकाम्या कंसाचा वेग

डॉक्टर एकोव बाफो-आक्वा यांना डॉक्टरेट नेमकी कशात मिळाली, हे आमच्या कचेरीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कॅनडात मिळाली एवढं ठाऊक होतं, आणि इथे घानात, अक्रात तेवढं पुरतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सिस्टिम्समध्ये." कसल्या सिस्टिम्स, ते मी पुढे विचारलं नाही. नळाच्या पाण्याचीही सिस्टिमच असते.

गेल्या ईस्टरनंतर ते आमच्याकडे मुख्य रचनाकार म्हणून रुजू झाले. स्पिंटेक्स रोडवर, सोफ्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमची कचेरी. आम्ही सगळे एका दालनात पंख्याखाली बसायचो. यांच्यासाठी कोपऱ्यात काचेची खोली बांधली, काचेवर नाव चिकटवलं, नावाआधी पदवी, आणि आत एसी सोळावर. बाहेर आम्ही घामानं निथळतोय आणि आत हा गृहस्थ अंगात कोट घालून बसलाय, हे दृश्य रोज बघावं लागायचं. दिवसभर तो काय करायचा? फळ्यावर चौकोन काढायचा. चौकोनातून बाण काढायचा. बाण दुसऱ्या चौकोनात गेला की दोन पावलं मागे होऊन बघायचा.

आमचं काम साधं होतं आणि महत्त्वाचं होतं. बाजारात रोज ठेल्याठेल्यावर फिरून बायकांकडून थोडीथोडी बचत गोळा करणारे सुसूवाले असतात. त्यांच्या फोनसाठी आम्ही एका बँकेकरता प्रोग्राम करायचो. पैसे फोनवरून निघण्याआधी नाव, नंबर आणि शाखा जुळतात की नाही हे बघणारा त्यातला तुकडा सगळ्यात नाजूक. त्याला आम्ही पडताळणी म्हणायचो. ती सेलोर्मनं लिहिली होती. सेलोर्म माझ्या शेजारी बसायचा. व्होल्टाकडचा माणूस, बोलायला मऊ, कामाला चोख. मी या कचेरीत कुणाच्या कोडला मान दिला असेल तर तो त्याच्या. बाकीच्यांचा मी वाचायचे, एवढंच.

सेलोर्म कंत्राटी होता. कंत्राट संपायचं, वाढायचं, पुन्हा संपायचं. त्याची बायको तिकडे हो नावाच्या गावात शाळेत शिकवायची, मुलगी तिच्यापाशी, आणि हा इकडे शहराबाहेर अशामानमध्ये चुलतभावाच्या बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपायचा. कायम झाला की दोघींना अक्रात आणणार होता. या महिन्याअखेरीस कंत्राट पुन्हा संपत होतं आणि या वेळी एक तर कायम नाहीतर घरी, असं डायरेक्टर त्सिबू साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अशात डॉक्टर एकोवना नवी पडताळणी लिहायची हुक्की आली.

जुनं काही चाललेलं त्यांना बघवत नसे. त्यांनी लिहिलेली पडताळणी मी वाचली. तिच्यात सतरा थर होते आणि प्रत्येक थर खालच्या थराला विचारायचा, बाबा रे, तू बघितलंस का? पण त्सिबू साहेबांना कोड वाचता येत नाही. आकडा वाचता येतो. त्यामुळे आमच्याकडे पद्धत अशी की दोन कोडांत भांडण झालं की वेगचाचणी लावायची, कमी आकडा येईल तो कोड घ्यायचा. साहेब तो आकडा मोठ्या अक्षरात छापून जिन्यात लावतात. देवाच्या वचनाशेजारी.

सेलोर्मची पडताळणी राहिली तर सेलोर्म राहील, ती गेली तर तोही गेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

चाचणी कशी असते ते थोडक्यात सांगते, कारण हे न कळल्यामुळेच जगात इतके डॉक्टर सुखानं नांदतात. जावा या भाषेतला कोड पहिल्या फेरीला रेंगाळतो, मग यंत्र त्याला आतल्या आत घासूनपुसून वेगवान करतं. म्हणून मोजण्याआधी काही फेऱ्या नुसत्याच पळवून घ्यायच्या. ते कसं करायचं, किती फेऱ्या गरम व्हायला, किती मोजायला, दर वेळी यंत्र नव्यानं सुरू करायचं का, हे सगळं कोडच्या डोक्यावर छोट्या सूचनांत लिहून ठेवतात. त्यांना ॲनोटेशन म्हणतात. आणखी एक गोष्ट. यंत्र आपल्यासारखं भोळं नसतं. हिशेब कर म्हणून सांगितलं आणि उत्तर पुढे कुणी घेतच नाही असं त्याला दिसलं, तर ते हिशेब करतच नाही. गपचूप गाळून टाकतं. म्हणून उत्तर परत करायचं असतं, कुणाच्या तरी हातात द्यायचं असतं.

बुधवारी डॉक्टरांनी सगळ्यांना चाचणी धाडली. वर त्यांचं नाव, पदवीसकट. खाली निकाल: सेलोर्मची पडताळणी शेकडो मायक्रोसेकंद, डॉक्टरांची अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत. मी आकडा दोनदा वाचला आणि एकटीच हसायला लागले. एका नॅनोसेकंदात प्रकाश फूटभर जातो. त्याच्या अर्ध्या वेळात या माणसाचा कोड माकोला बाजारातल्या बाईचं नाव, तिचा नंबर, तिची शाखा तपासून हात झटकून मोकळा!

मग फाइल उघडली. सेलोर्मच्या कोडच्या डोक्यावर गरम होण्याच्या फेऱ्या, म्हणजे वॉर्मअप, शून्य. डॉक्टरांच्या कोडला भरपूर. आणि डॉक्टरांच्या कोडचं उत्तर कुणीच घेत नव्हतं. म्हणजे यंत्रानं तो गाळून टाकला होता आणि उरलेल्या हवेचा वेग मोजला होता. पहिल्या वर्षाच्या पोरानं केलं असतं तर मी त्याला चहा पाजून समजावलं असतं. इथे मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फाइल कुणी कधी लिहिली ते बघायची सोय असते. मला गरज वाटली नाही. इतकी शुद्ध अडाणी गोष्ट या कचेरीत एकच माणूस करू शकत होता.

गुरुवारी दुपारी मी सेलोर्मला घेऊन खाली रस्त्यावरच्या आंटीकडे वाक्ये नावाचा इथला भात खायला गेले. आंटी पानात भात-चवळी वाढत होती, वर मासा ठेवत होती, आणि माझ्या तोंडाची टकळी सुरू होती.

"चार्ली," इथे दोस्ताला अशीच हाक मारतात, "उद्या बघ. त्याला अशी धुते की कॅनडापर्यंत फेस जाईल."

सेलोर्म भात चिवडत होता. "सोड ना, देदेई."

"सोड काय? शून्य वॉर्मअप! तुझ्या डोक्यावर शून्य! पळायला उभं करायचं आणि पायात बेडी घालायची."

"बघितलं मी."

"बघितलंस? आणि गप्प बसलास?"

"आकडा काय, आज आहे उद्या नाही. तीन महिन्यांनी कुणाला आठवत पण नाही."

"तुझी नोकरी जाते आहे, गाढवा."

"नोकरीचं बघू." त्यानं पान बाजूला सारलं. "प्लीज, देदेई. उद्या बैठकीत नको. खरंच सांगतो. बँकेच्या मिसेस अमोआ येणार आहेत. सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच पाहिजे! बंद दाराआड सांगितलं तर तो रात्रीतून दुरुस्त करेल आणि सकाळी म्हणेल, मीच शोधलं."

"तुला मी सांगतोय ना."

"तू मेंढरू आहेस," मी म्हटलं. आंटी हसली. सेलोर्मही हसला, जरा उशिरानं. मला वाटलं, घाबरतो बिचारा. मऊ माणसं चांगला कोड लिहितात आणि वाईट भांडतात. त्यांच्यासाठी कुणीतरी भांडावं लागतं, आणि ते काम माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार?

शुक्रवारी सगळे रंगीत छापाच्या कापडात आले होते. डॉक्टर एकोव मात्र केंटे, म्हणजे इथल्या राजांचं विणलेलं वस्त्र, घेऊन आले होते, खांद्यावरून टाकलेलं, जणू त्यांना कुणी गादीवर बसवणं बाकी होतं. बैठक प्रार्थनेनं सुरू होते. त्सिबू साहेबांनी मान डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी कॅनडाच्या उच्चारात देवाचे आभार मानले, बँकेचे मानले, वेगाचे मानले. "हे प्रभो, आमच्या वाटेतले सारे विलंब दूर कर." आमेन म्हणून मी डोळे उघडले तर सेलोर्मचे अजून मिटलेलेच होते.

डॉक्टरांनी पडद्यावर आकडा दाखवला. खोलीत कुणीतरी चक्क टाळी वाजवली. त्सिबू साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे किती पट?"

"पट काढण्यात अर्थ नाही, सर," डॉक्टर विनयानं म्हणाले. त्या विनयाची मला शिसारी आली. "ही वेगळी पिढी आहे."

बँकेच्या मिसेस अमोआ भारदस्त बाई. डोक्याला कडक रुमाल, समोर पाण्याची बाटली. त्या म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, सणाच्या आठवड्यात सगळे एकदम पैसे पाठवतात, तेव्हा हे चालेल ना?"

"धावेल, मॅडम."

मी हात वर केला. टेबलाखाली सेलोर्मनं माझ्या पायावर पाय ठेवला. मी पाय काढून घेतला.

"डॉक्टर, तुमच्या परवानगीनं एक गंमत करू?"

"अवश्य, देदेई. आपण सगळे शिकतच असतो."

मी पडद्याला माझा लॅपटॉप जोडला. त्यांची चाचणी उघडली. त्यांच्या पडताळणीला हाक मारणारी ओळ पुसून टाकली. राहिले दोन कंस. उघडणारा आणि मिटणारा. आत काही नाही. "आता हे चालवते," मी म्हटलं. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी सोफ्याची किंमत पाडत होतं. आकडा आला. अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत. तोच.

 मग त्सिबू साहेबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे डॉक्टरांचा कोड इतका वेगवान आहे की जणू नाहीच?"

"होय सर," मी म्हटलं. "नाहीच. यंत्रानं फेकून दिलाय. तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्यात, तर रिकाम्या कंसाला."

मिसेस अमोआ खो खो हसल्या. बाटलीचं टोपण गडगडत गेलं. मी तिथे थांबायला हवं होतं, पण ताट समोर होतं आणि मला भूक होती. मी शून्य वॉर्मअप दाखवला. कुणाच्या डोक्यावर शून्य आणि कुणाच्या डोक्यावर भरपूर, ते बोट ठेवून दाखवलं. "हे नजरचुकीनं होत नाही," मी म्हटलं. "हे करायला एक तर काहीच येत नसलं पाहिजे, नाहीतर लाज नसली पाहिजे. दोन्ही असेल तर पदवी मिळते."

डॉक्टर एकोवनी केंटे सावरलं. त्यांचा चेहरा पडला नव्हता. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"अगदी योग्य बोललीस," ते म्हणाले. "गंभीर चूक आहे. पण ही चाचणी मी लिहिलेली नाही."

"वर तुमचं नाव आहे."

"सादर मी केली. लिहिली सेलोर्मनं. तुलना निःपक्ष व्हावी म्हणून मी मुद्दाम त्याच्याकडेच दिली. विश्वासानं."

सगळ्या माना वळल्या. माझी सगळ्यात शेवटी.

"सेलोर्म?" त्सिबू साहेब म्हणाले.

"हो, सर."

"हे तू लिहिलंस?"

"हो, सर. प्लीज."

"स्वतःच्या कोडवर तूच शून्य टाकलंस?"

सेलोर्म टेबलाकडे बघत होता. मला एकदम उमगलं. या कचेरीत ॲनोटेशन कुणी शिकवली होती? त्यानं. दालनात फळ्यासमोर उभा राहून, सगळ्यांना. उत्तर परत करा, नाहीतर यंत्र हिशेब गाळतं, हे मला त्यानं शिकवलं होतं. तो ही चूक झोपेतही करणार नाही.

"चुकून झालं, सर," सेलोर्म म्हणाला.

मी तोंड उघडलं. चुकून नाही, असं म्हणायला. त्यानं वर बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात, नुसता कंटाळा होता. चुकून नाही म्हटलं तर तो लबाड ठरणार, आणि अक्रात लबाड कोडवाल्याला पुन्हा कोण दारात उभं करतं? चुकून म्हटलं तर नुसता अडाणी. आणि लाज नसली पाहिजे असं मी दोन मिनिटांपूर्वीच सगळ्यांसमोर बोलून बसले होते. मी तोंड मिटलं.

"माणूस आहे, चुकतो," डॉक्टर म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तोडून खिडकीबाहेर फेकावा असं मला वाटलं.

मिसेस अमोआंनी घड्याळ बघितलं. "अहो, मग नीट मोजा ना. मला जायचंय."

नीट मोजलं. मीच मोजलं. दोघांना सारख्या फेऱ्या, दोघांचं उत्तर हातात. सेलोर्मची पडताळणी डॉक्टरांच्या दुपटीनं वेगवान निघाली. सतरा थर एकमेकांना विचारत बसले होते. मिसेस अमोआ म्हणाल्या, हीच द्या, आणि रुमाल सारखा करून निघून गेल्या.

त्सिबू साहेबांनी तिथल्या तिथे निकाल लावला. कोड सेलोर्मचा घ्यायचा. सांभाळायचा डॉक्टर एकोवनी, कारण इतकी नाजूक गोष्ट जबाबदार माणसाकडे हवी. सेलोर्मचं कंत्राट वाढवायचं नाही. "ज्याला स्वतःचं काम मोजता येत नाही, त्याला मी बँकेसमोर कसा उभा करू?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मूर्ख माणसाला वाईट वाटलं की ते किती खरं दिसतं!

मी सेलोर्मच्या मागे जिना उतरले. तो ट्रोट्रोच्या थांब्याकडे चालत होता, पाठीवर बॅग.

"का केलंस?"

तो थांबला नाही. "डॉकनी कबूल केलं होतं. त्यांचा कोड आला की तो सांभाळायला माणूस लागेल. त्यांना स्वतःला कुठे जमतंय? कायमची जागा. सोमवारी सही होती."

"तुझ्याच कोडच्या डोक्यावर शून्य लिहिलंस तू!"

"माझाच होता ना. दुसऱ्याच्या लिहिलं असतं तर तुझं बरोबर होतं."

"मला सांगायचं होतंस."

"तुला?" आता तो थांबला. "तू त्याच्याकडे बघतेस तशी माझ्याकडे बघायला लागली असतीस. आत्ता बघतेयस तशी."

मी नजर फिरवली. खरंच बघत होते. दोन्ही एकत्र होतं, त्याच्याविषयीची कणव आणि हा माणूस असल्या माणसाच्या हाती स्वतःला विकायला निघाला होता याचा तिटकारा, आणि तिटकारा वरचढ होता.

"तुझा कोड दुप्पट चांगला निघाला, सेलोर्म. सगळ्यांनी बघितलं."

"मला माहीत होतं गं. लिहिला तेव्हाच माहीत होतं. एकोवलाही माहीत होतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला." ट्रोट्रो आली. पोऱ्या दारात लटकून अशामान, अशामान ओरडत होता. "मोजून फक्त तुलाच बघायचं होतं."

तो चढला. मागच्या बाकावर दोन बायकांच्या मधे सरकून बसला, बॅग मांडीवर घेतली. गाडी धूर सोडून गेली.

वर आले तर डॉक्टर एकोव माझ्या टेबलाशी उभे होते. केंटे काढून घडी करून हातावर घेतलं होतं. सेलोर्मची खुर्ची त्यांनी स्वतःसाठी ओढून घेतली होती.

"देदेई," ते अगदी प्रेमानं म्हणाले, "आता हे सगळं आपल्यालाच बघायचंय. ते वॉर्मअपचं जरा मला नीट समजावून सांग ना."

आणि मी बसले, फाइल उघडली, आणि समजावून सांगितलं.